गुरुजी जगायला निघाले

आमच्या ह्यांना एक साधा शब्द तोंडातून काढता येत नाही. "फिरायला." बस, एवढाच. चौतीस वर्षं आश्रमशाळेत मराठी शिकवलं, पोरांकडून ऱ्हस्व-दीर्घ घोकून घेतलं, पण रस्त्यात कुणी विचारलं, "गुरुजी, कुठं निघालात?" की "फिरायला" म्हणताना ह्यांची जीभ टाळूला चिकटते. जसं काही मी ह्यांना चोरी करायला नेतेय.

मी जिजा भोये. तेहतीस वर्षं नर्स होते, सगळी नोकरी जव्हार-मोखाड्याच्या उपकेंद्रांमधून. आता दोघंही रिटायर. जव्हारला दोन खोल्या आणि मागं शेवग्याचं झाड. मुलगी हर्षाली ठाण्याला. तिनंच मोबाईलवर बसल्या बसल्या आमचं केरळचं ठरवलं. आठ दिवस, टूरवाल्याबरोबर, मुंबईहून विमानानं. त्यातले दोन दिवस हाउसबोटीत, म्हणजे पाण्यावरच्या घरात राहायचं, तिथंच जेवायचं, तिथंच झोपायचं.

त्या दोन दिवसांसाठी माझा जीव अडकला होता. माझं माहेर मोखाड्याकडचं. फेब्रुवारी संपला की विहिरीत उतरून तळाला वाटी लावायची, वाटी वाटी करून हंडा भरायचा, दोन हंडे डोक्यावर नि कळशी कमरेवर, आणि मग चढ. धरणं आमच्याच तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि आम्ही वाटीनं. असो. ते रडगाणं गायला मी बसलेली नाही. सांगायचं एवढंच, की निम्मं आयुष्य पाणी माझ्या डोक्यावर होतं. मला एकदा पाण्याच्या वर झोपायचं होतं. हसा खुशाल.

पण हे ह्यांच्याबरोबर घडायचं होतं ना. लग्न झालं एक्क्याण्णव साली. तेव्हापासून आम्ही पाच वेळा फिरायला निघालो आणि पाचही वेळा घरीच राहिलो. पहिली वेळ माझी. ब्याण्णव साली महाबळेश्वरचं ठरलं होतं, तेवढ्यात वावरकडे लेकरं कुपोषणानं दगावायला लागली. माझी रजा रद्द झाली. त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही, मलाच तेव्हा कुठं जायचं सुचलं नसतं. पण पुढच्या चार वेळा ह्यांच्या. एकदा मतदार याद्या. एकदा शाळेची तपासणी. एकदा गुडघा. आणि एकदा, ऐका, म्हैस व्यायली. तीही शेजाऱ्यांची! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. आमच्याकडे अंगण दर वेळी वेगळ्या बाजूनं वाकडं व्हायचं.

म्हणून या वेळी मी ह्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवून होते. शेजारच्या म्हशीवरसुद्धा.

आता एका शब्दाचं सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यानंच घातला. ह्यांच्या शाळेत चंदनाबाई म्हणून शिक्षिका होत्या, त्याही रिटायर, आमच्याच गल्लीत राहतात. त्या सतत कुठं ना कुठं जाऊन येतात आणि बाकीच्यांना टोचत असतात. रोज सकाळी फोनवर फुलाचं चित्र आणि खाली, "गुरुजी, आता तरी जगा!" जव्हारात आम्हा नोकरदारांमध्ये जगायला म्हणजे मजेत राहायला. पण तिथून खाली दाभोशाला जा. तिथं जगायला जाणं म्हणजे दिवाळी झाली की दाराला कडी लावायची, लेकरं-मडकी पिकअपमध्ये टाकायची आणि भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर कामाला जायचं. परतायचं ते होळीला. "औंदा जगायला कुठं?" हा प्रश्न तिथं माणसं एकमेकांना असा विचारतात, जसं आपण विचारतो जेवलास का.

तर झालं काय, की दिवाळीनंतरच्या बाजारात ह्यांना नवशा भेटला. नवशा दाभोशाचा, ह्यांचा चौथीपर्यंतचा वर्गमित्र. ह्यांच्या खांद्यावर ही मोठी नवी बॅग. नवशानं विचारलं, "कुठं रं?" ह्यांना तो शब्द काही सुचेना. मग चंदनाबाईंचा उसना घेतला. म्हणाले, "जरा जगायला चाललो रे. जिजालाही नेतो. इतकी वर्षं जमलं नाही, आता नाही गेलो तर कधी?"

ह्यांचा बाप दर वर्षी जगायला जायचा. हे स्वतः पाच वर्षांचे असताना भट्टीवर विटा उलटत बसायचे. आणि तोच माणूस नवशासमोर उभा राहून असं बोलतो! पेन्शन लागली की माणसाचे कान इतके मऊ होतात, हे मला माहीत नव्हतं.

नवशानं घरी जाऊन सांगितलं, सुदर्शनाची, म्हणजे ह्यांची, पेन्शन बंद पडली, म्हातारा-म्हातारी भट्टीवर चालली. हे सगळं मला नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही तरी माझ्यासारखे तोंडघशी पडू नका.

निघायच्या आदल्या दिवशी नवशाकडून निरोप आला, "जायच्या आधी जेवून जा." मला बरंच वाटलं. बॅगा भरून दाराशी ठेवल्या होत्या, घरात बसले असते तर ह्यांनी काहीतरी कारण शोधलंच असतं. चंदनाबाई म्हणाल्या, "मी पण येते, तुमचा सेंड-ऑफ करू." त्यांच्या हातात एक पिशवी होती, ती कुणाला उघडून दाखवेनात.

दाभोशाच्या जीपमध्ये आम्ही चौदा माणसं. चंदनाबाई मधोमध बसून सगळ्या जीपला ऐकू जाईल अशा आवाजात विमानाचं शिकवत होत्या. पट्टा कसा बांधायचा, कान दुखले तर गोळी चघळायची, खिडकीतून खाली बघितलं तर चक्कर येते पण बघायचंच. समोरची एक बाई कोंबडी मांडीवर घेऊन मन लावून ऐकत होती. हे आपले बाहेर बघत, जसं काही हे प्रवचन भलत्याच कुणासाठी चाललंय.

नवशा फाट्यावरच उभा होता. एरवी हा माणूस लांबूनच शिवी हासडून स्वागत करतो. त्या दिवशी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मी म्हटलं, वय झालं, माणूस हळवा होतो.

घरी कोंडी. नवशाची बायको, आणि माझी मैत्रीण म्हटलं तरी चालेल. माझ्या नोकरीतलं पहिलं बाळंतपण हिचं, घाबरलेली मी, आणि हीच मला म्हणत होती, "घाबरू नको बाय." पुढं होळीला माणसं जगून परत आली की मी वही घेऊन घरोघर फिरायची. तीन प्रश्न ठरलेले. कुठं राहिली? काय खाल्लं? पाणी कुठलं प्यायली? उत्तरं लिहायची, लेकरांचं वजन करायचं, चला पुढच्या घरी. कोंडीच्या दारात हे तीन प्रश्न मी पंचवीस-तीस वेळा तरी विचारले असतील. माझ्या वह्यांना डॉक्टरही नावाजायचे. म्हणायचे, जिजाबाईंच्या वहीत एक रकाना रिकामा सापडायचा नाही.

कोंडीनं कोंबडा कापला होता. नागलीच्या भाकरी, उडदाची आमटी, नव्या तांदळाचा भात. मी चुलीशी बसले आणि ती भाकरी थापता थापता माझ्याकडे असं बघत होती, जसं आजारी माणसाकडे बघतात.

"जिजाबाय, जागा कसली हाय तिथं? झोपडं का पत्र्याचं?"

"लाकडाचं घर असतं म्हणे. वर गवताचं छप्पर."

"मग बरं. पण पाण्याजवळ जागा धर. आधी जाऊन धर. मागनं गेलं की लांबची मिलते."

"अगं, पाण्याजवळ काय, पाण्यावरच आहे."

तिचा हात थांबला. "पाण्यावर? ओल लागंल गं. या वयात कंबर धरंल."

मी हसले. म्हटलं, "लागू दे. त्या पाण्यासाठीच तर चाललेय."

कोंडीनं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं, चुलीचा धूर.

"उठवतो कितीला?" तिनं विचारलं.

"टूरवाला? सातला तयार राहा म्हणतो."

"सातला! देवमाणूस हाय. आमचा तीनला उठवतो."

मला वाटलं तिचं आपलं सुनेचं नाहीतर मुलाचं काही चाललंय. चूल, भाकरी, बोलणं, त्यात कोण कुठं लक्ष देतं? तिकडं नदीवर ह्यांचं नि नवशाचं वेगळंच चाललं होतं, ते त्यांच्याबरोबर गेलेल्या चंदनाबाईंनी मला नंतर सांगितलं. नवशानं ह्यांचे दोन्ही हात हातात घेतले, उलटेपालटे केले आणि म्हणाला, "मऊ झालं रं. पहिलं आठ दिस फोड येतील. तेल लावत जा." हे म्हणाले, "तिकडं तेलानं मालिश करतात म्हणे, अंगभर." नवशानं डोळे मोठे केले. "कोन, मुकादम?" हे म्हणाले, "नाही, त्यांची माणसं असतात वेगळी." तेव्हा नवशा म्हणाला, "सुदऱ्या, तुला फसवलं कुनीतरी. असली भट्टी नसते." हे हसत सुटले. ह्यांना वाटलं, नवशा गंमत करतोय.

जेवणं अंगणात झाली. कोंबड्याचा रस्सा असा, की चंदनाबाईंनी चमचा मागितला नाही. हे मोकळे झाले होते, तिसरी भाकरी मागून घेतली, नवशाला चौथीतल्या गुरुजींची नक्कल करून दाखवली. मी मनात म्हटलं, चला, आज तरी अंगण सरळ दिसतंय. उद्या सकाळची सातची एसटी, संध्याकाळी विमान. आता काय बिघडणार?

तेवढ्यात चंदनाबाई उठल्या. पिशवीतून दोन टोप्या काढल्या. पिवळ्याधमक, पुढं छज्जा, आणि त्यावर लाल अक्षरं, ठाण्याहून खास छापून आणलेली. एक ह्यांच्या डोक्यावर ठेवली, एक माझ्या. आणि टाळ्या वाजवून म्हणाल्या, "कोंडीबाई, बघताय काय? हे दोघं उद्या जगायला चाललेत!"

नवशा उठून ह्यांच्यासमोर आला. चौथीतलं वाचन ते, बोट ठेवून एकेक अक्षर. "आ... ता... ज... गा... य... चं." वाचून झालं नि मान खाली घातली. "भट्टीवाल्यानं टोपी पन दिली," म्हणाला.

आणि कोंडीनं हंबरडा फोडला. खरं सांगते, हंबरडाच. धावत घरात गेली, एक गाठोडं घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "नागलीचं पीठ हाय. सुकट हाय. मिरची-मीठ. पहिला आठवडा कुनी काय देत नाय, बाय. कुनाकडं मागायला जाऊ नको. आनि तुम्ही विटा उचलू नका गं, गुरुजींनी नुसतं मोजायचं काम घ्यावं, लिहिता-वाचता येतं त्यांना!"

चंदनाबाईंच्या टाळ्या हवेतच राहिल्या. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा चेहरा टोपीखाली हळूहळू पडत गेला, आणि त्याच क्षणी मला समजलं की ह्यांनी काहीतरी बोलून ठेवलंय.

"काय सांगितलंत तुम्ही नवशाला?"

सांगितलं. सगळं, बाजारातलं, शब्दासकट.

मग मी कोंडीला समजावलं. पेन्शन चालू आहे. भट्टी नाही. केरळ. विमान. फिरायला. पहिल्यांदा तिचा विश्वास बसेना. "म्हंजे काम नाय?"

"नाही."

"मग तिथं करायचं काय?"

"काही नाही. बसायचं. बघायचं. पाण्यावर झोपायचं."

"बसायला एवढं लांब? बसायला आमचं अंगण हाय की!" असं म्हणून कोंडी जी हसायला लागली ती जमिनीला टेकली. नवशानं ह्यांना अशी एक शिवी घातली जी मी इथं सांगत नाही, पण ऐकून मला बरं वाटलं, म्हटलं, आला माणूस ताळ्यावर. चंदनाबाई हसल्या, मी हसले. नवशा तर ह्यांची टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून अंगणात दोन फेऱ्या मारून आला.

एकटे हे हसले नाहीत.

हे उठले, हात धुतले, पंच्याला पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "जिजा, हर्षालीला फोन लाव. रद्द करू."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास! माझ्या डोक्यात काय गेलं ते कसं सांगू. म्हटलं, "काय?"

"मन नाही लागायचं. यांची पिकअप परवा येणार. हा माझ्या वयाचा, अजून जातोय. हिनं स्वतःच्या डब्यातलं पीठ काढून आपल्याला बांधलं. आणि आपण कुठं, तर तेल लावून घ्यायला! लाज वाटते गं. पुढच्या वर्षी बघू."

आता बघा, बोलणं खोटं नव्हतं. तेच तर. मतदार याद्यांशी भांडता येतं, गुडघ्याशी भांडता येतं, म्हशीशी तर मी भांडलेच होते. पण या कारणाशी भांडू कशी? मीच वाईट ठरणार. मला रडू येत होतं आणि मला माझ्या रडण्याचाही राग येत होता. तेहतीस वर्षं ही माणसं माझीही होती, एकट्या ह्यांची नव्हती. आणि तरी मला जायचं होतं. त्या पाण्यावर मला झोपायचंच होतं, आणि ते कुणापुढं मोठ्यानं म्हणायची मला त्या अंगणात सोय राहिली नव्हती. मी टोपी काढून गाठोड्यावर ठेवली.

चंदनाबाई म्हणाल्या, "गुरुजी, असं भावनेच्या भरात..." पण त्यांचंही अवसान गेलं होतं.

बोलला तो नवशा. पिवळी टोपी अजून त्याच्याच डोक्यावर.

"सुदऱ्या, तुला जायचं नाय ना, नको जाऊ. माझं नाव नको सांगू."

"अरे, तसं नाही रे..."

"तसंच. तू घरी बसलास म्हंजे माझी पिकअप यायची थांबंल काय? का मुकादम म्हनंल, नवशा, भोये गुरुजी गेला नाय, तू पन झोप आज सातपर्यंत?" आवाज चढला त्याचा. "चौथीत पन तू असाच. गनित आलं नाय की सांगायचा, नवशानं पाटी घेतली. पाटी तुझ्याच दप्तरात असायची."

चौतीस वर्षांत ह्यांना असं कुणी बोललं नव्हतं, हेडमास्तरसुद्धा.

मी गाठोडं उचलून कोंडीच्या हातात दिलं. म्हटलं, "हे ठेव. तुलाच लागेल परवा." तिनं हात मागं घेतले, जसं काही मी निखारा दिला.

"येडी काय? वाटेचा शिधा माघारी घेतात व्हय? जाणाऱ्याला दिला तो दिला. घरात परत ठेवला तर परवा आमची पिकअप कुठं जाऊन पडंल." आणि ह्यांच्याकडे वळून, "गुरुजी, आता तुम्हाला जावंच लागंल. कुठं पन जा. भट्टीवर जा, नाय तर त्या पाण्यावर जा. पन हे पीठ घेऊन जायचं."

परतीच्या जीपमध्ये हे गाठोडं मांडीवर घेऊन बसले. सुकटीच्या वासानं शेजारच्या माणसानं दोनदा बघितलं. चंदनाबाईंनी हळूच विचारलं, विमानात सुकट नेऊ देतात का, आणि मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी जव्हार येईस्तोवर तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर मी विचारलं नाही. चार वेळा विचारून झालं होतं. स्वयंपाक केला, भांडी घासली, दाराशी बॅगा होत्या त्या तशाच राहू दिल्या.

पहाटे जाग आली तर हे उठलेले. खाली बसून मोठी बॅग उघडलेली. म्हटलं, संपलं, सामान काढतायत. जवळ जाऊन बघितलं तर ह्यांनी आपले दोन शर्ट बाहेर काढले होते आणि त्या जागेत गाठोडं बसवत होते. सुकट तीन पिशव्यांत गुंडाळलेली, वर रबरबँड.

"वास येईल," मी म्हटलं.

"येऊ दे," हे म्हणाले.

डेपोत पोचलो तर नवशा आणि कोंडी आधीच आलेली, दाभोशाहून पहिल्या जीपनं. नवशाच्या डोक्यावर पिवळी टोपी होतीच. काल परत द्यायची विसरला म्हणाला, पण काढली काही नाही. एसटी लागली. आम्ही चढत होतो, तेवढ्यात ह्यांचा एक जुना विद्यार्थी भेटला, आता प्रकल्प कार्यालयात कारकून आहे. वाकून नमस्कार केला. "गुरुजी, बॅगा घेऊन कुठं?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. नवशानंही बघितलं. ह्यांचे कान लाल झाले.

"फिरायला," हे म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की पलीकडच्या एसटीतल्या ड्रायव्हरनं मान वळवली. "केरळला. विमानानं. मी आणि ही."

नवशानं शिट्टी मारली. मला तर तिथंच ह्यांची दृष्ट काढावीशी वाटली.

मी खिडकीशी बसले. कोंडी खाली, खिडकीच्या गजाला धरून. म्हणाली, "होळीला मी आले की तुझ्या घरी येनार. वही घेऊन."

"तुला कुठं लिहिता येतं?"

"लिहायला कशाला पायजे? इचारायला तर येतं." आणि कंबरेवर एक हात ठेवला, मान ताठ केली, नाक वर केलं. मी वही घेऊन तिच्या दारात उभी राहायचे ना, हुबेहूब तशी. तोंडात माझा आवाज. "हां बाई, कुठं राहिली? काय खाल्लं? पाणी कुठलं प्यायली?"

अख्खी एसटी हसली. मीही हसले. इतकी नक्कल माझी कुणी केली नव्हती.

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. कोंडी दोन पावलं खिडकीबरोबर चालली, आता तिच्या स्वतःच्या आवाजात.

"आनि बरं वाटलं का, ते पन इचारीन हां. तू कधी इचारलं नाय."

ती रागानं बोलली नाही. आठवलं तसं बोलली आणि हात हलवत मागं राहिली. नवशाची टोपी वळणापर्यंत दिसत होती. हे म्हणाले, "काय म्हणाली गं?" मी म्हटलं, "काही नाही, सांभाळून जा म्हणाली." तेहतीस वर्षांच्या वह्या माझ्या, एक रकाना रिकामा नाही. तो रकाना त्यात नव्हताच.